दोन शेळ्यांचा लॅपटॉप

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीला लेकीकडं, सविताकडं, पुण्याला गेले होते, काल तेरला परत आले. घर झाडलं, पाणी भरलं, पुस्तक घेऊन ओसरीवर बसले. आठ ओळी झाल्या आणि अक्षरं हलायला लागली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, आहे तेवढंच राहील.

फोनवर अक्षर मोठं केलं की एका ओळीत चार शब्द मावतात. ओळ सरकवत सरकवत वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरते.

सविताच्या लॅपटॉपवर अंगठ्याएवढं अक्षर करून घेतलं होतं. एका बैठकीत चाळीस पानं. लेक ऑफिसातून आली तेव्हा चहाचं पातेलं करपून काळं झालेलं. ती ओरडली. मी हसत होते.

वाचणं थांबलं तर माझ्याकडं दिवसभर बघायला भिंत तेवढी उरते.

ठरलं. लॅपटॉप घ्यायचा. माझा. माझ्या पैशानं.

४ नोव्हेंबर, मंगळ.

सविताचा फोन. म्हणे, मी हप्त्यावर नवा घेऊन देते. नको म्हटलं. तिचा घराचा हप्ता आहे, पोरीची शाळा आहे. मग म्हणे माझा जुना टॅब घे. त्याचाही पडदा वहीएवढाच. नको.

"मग काय पाहिजे तुला, आई?"

सांगितलं. पडदा मोठा. अक्षर मोठं होणारं. मराठी लिहिता यावं. लाइट गेली तरी दोन तास चालावा, कारण इथली लाइट. बस्स. खेळ नको, सिनेमे नको.

तिनं सांगितलेलं उतरवून घेतलं: पंधरा इंची. रॅम आठ. एसएसडी असलेला, म्हणजे लवकर सुरू होतो. जुना दुरुस्त केलेला घेतला तर दोन शेळ्यांत बसेल.

"जुना चालेल का तुला?"

"मी कुठं नवी आहे?"

शेळ्या म्हणजे माझ्या. लग्नात आईनं एक दिली होती. आमच्यात रीत अशी, की आंदणात आलेल्या शेळीची पुढची सगळी वेल त्या बाईची. राहते सगळ्या कळपात, चरते सगळ्यांबरोबर, पण कानाला खाच वेगळी. नर पिल्लं चारणाऱ्याची, पाठी बाईच्या. विकायच्या की ठेवायच्या ते तिनं ठरवायचं. आज माझ्या नऊ आहेत. हे होते तोवर ते चारायचे. आता भावजी, म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ, चारतात.

७ नोव्हेंबर, शुक्र.

भावजींना सांगितलं.

"लॅपटॉप? तुमी? मेंढरं मोजायची का त्याच्यात, वहिनी?"

"पुस्तकं वाचायचीत."

"मग वाचा की. पुस्तकाला काय लाइट लागती का?"

कमल, माझी जाऊ, भाकरी थापत होती. पदराआड हसली. मला राग आला नाही. हसण्यासारखंच बोलले ते.

मग मात्र खरं बाहेर आलं. "खाचा-बिचा जुनं झालं वहिनी. दादा गेला, आता कळप एकच. बाईमाणसानं शेळ्या विकून डबडं आणलं तर लोक मला काय म्हणतील?"

"लोकांना माझ्याकडं पाठवा. मी सांगते काय म्हणायचं ते."

"मी न्हाय नेणार बाजारात."

"नका नेऊ. मला दोन पाय आहेत, शेळ्यांना चार आहेत. पोचू आम्ही."

भाकरी करपली कमलची.

भावजी वाईट माणूस नाही. हे पडले त्या दिवशी ह्यांना पाठीवर घेऊन शिवारातून रस्त्यापर्यंत पळत आले होते. ते मी विसरत नाही. पण त्या पाठीवर माझ्या नऊ शेळ्याही लादून न्याव्यात, असं काही ठरलं नव्हतं.

९ नोव्हेंबर, रवि.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली परवा. नैवेद्य केला. शेंगाची पोळी.

मी मोठ्यानं वाचते. सवय मोडत नाही. सविता पहिलीत होती तेव्हा तिच्या शेजारी बसून तिच्याच पुस्तकातून शिकले. ती पुढं गेली, मी तिची मागची पुस्तकं वाचत राहिले. मग वाण्याच्या पुड्यांचे कागद. मग वाचनालय. ह्यांना अक्षर येत नव्हतं. पुढ्यात कोकरू घेऊन त्याच्या गोचड्या काढत बसायचे आणि मी वाचायचे. मी दम घ्यायला थांबले की, "मग?"

इतकंच. "मग?"

आता थांबते तेव्हा थांबते.

१२ नोव्हेंबर, बुध.

बाजार. शेजारच्या टेम्पोत दोन शेळ्या घेऊन गेले. काळी आणि तिची धाकटी.

जनावरांच्या बाजूला बाई मी एकटी. दलाल आला. खांद्यावर रुमाल.

"मालक कुठाय?"

"मी."

तो रुमाल पसरायला गेला आणि थांबला. इथं भाव तोंडानं होत नाही. रुमालाखाली हातात हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, बाहेर कुणाला कळू द्यायचा नाही. आता माझा हात कसा धरणार? चार माणसं बघत होती. कान लाल झाले त्याचे.

"अक्का, तुमच्या माणसाला बोलवा की."

"माझा माणूस वर गेलाय. बोलवायचं तर तुमालाच जावं लागंल."

पलीकडचा एक म्हातारा खो-खो हसला. दलाल म्हणाला, मग कसं करायचं? मी म्हटलं, असं करायचं, आणि माझा भाव मोठ्यानं सांगून टाकला. मग मागून एकजण त्याच्यावर पाचशे बोलला. दुसरा त्याच्यावर.

"अहो अक्का, हळू! बाजार नासवता का सगळा!"

एकानं कास बघून नाक मुरडलं. रिकामी दिसते म्हणे. दिसणारच, सकाळी धार काढून नेल्या होत्या. बाजाराच्या आदल्या दिवशी कुणी धार काढत नाही. कास तुंबवतात, म्हणजे शेळी दुधाळ दिसते. घेणारा घरी नेतो, दुसऱ्या दिवशी पाव लिटर. मला ते जमत नाही. हेही करत नसत. त्याला म्हटलं, आहे तेवढी आहे, घ्यायची तर घ्या. त्यानंच घेतल्या.

भावजींना मिळतो त्यापेक्षा जास्त भाव आला. धाकटी वळून बघत होती. मी नाही बघितलं.

१३ नोव्हेंबर, गुरु.

सकाळच्या एसटीनं धाराशिव. स्टँडजवळ जुन्या लॅपटॉपचं दुकान आहे, लेकीनं, म्हणजे स.नं, फोनवर शोधून दिलं. तिशीतला माणूस, शर्टाला अत्तर.

"या मावशी. नातवाला घ्यायचाय का?"

"मला."

"हां हां. भजनं ऐकायला."

"वाचायला."

पंधरा इंची तीन होते. तिन्ही वायर लावून चालू. रॅम, एसएसडी विचारलं. तो जरा सरळ बसला. तिन्हींत आहे म्हणाला. भावही जवळजवळ सारखा.

मग मी माझ्या पद्धतीनं बघितलं. शेळी घेताना आधी दात. पहिल्याची बटणं झिजून चकचकीत झालेली, तीन-चार अक्षरं पुसलेली. म्हातारी. तिसऱ्याचीही तशीच, एक बटण तर हलत होतं. दुसऱ्याची एकदम कोरी. काळी कुळकुळीत, एकही अक्षर गेलेलं नाही. चारदाती, म्हणजे ऐन उमेदीतली, म्हटलं मनात. तोच घेतला.

"मावशी पारखी आहेत," दुकानदार म्हणाला.

मी फुगले. खोटं कशाला लिहू, फुगले.

एसटीत मांडीवर धरून आणला. अंड्यांची पाटी धरतात तसा.

१४ नोव्हेंबर, शुक्र.

तीस पानं! अक्षर अंगठ्याएवढं. डोळ्यांत पाणी नाही, डोकं दुखत नाही. भावजी येऊन दारातून बघून गेले. "चालतंय व्हय?" एवढंच.

१५ नोव्हेंबर, शनि.

अकराला लाइट गेली. म्हटलं जाऊ दे, आपल्याला काय. चहा ठेवला. चहाला उकळी यायच्या आत पडदा काळा.

मला वाटलं माझ्याच हातून काही दाबलं गेलं. तासभर घाम फुटलेला. लाइट आली, वायर लावली, चालू. वायर काढली, परत मेला.

स.ला फोन.

"आई, बॅटरी गेलेली आहे. दुकानात वायर काढून बघितलंस का?"

नाही बघितलं.

"आणि बटणं कोरी म्हणजे कीबोर्ड बदललेला असेल. त्यावरून काही कळत नाही."

फोन ठेवला आणि ओसरीवर बसून राहिले. कास तुंबवून उभी केली होती माझ्यापुढं, आणि मी दात बघत बसले. तेही बसवलेले दात. चाळीस वर्षं शेळ्यांत गेली माझी. दुसरी कुणी फसली असती तर मीच हसले असते.

संध्याकाळी भावजी. बातमी कमलकडून कळली असणार. "म्हटलं होतं ना, डबडं हाय. द्या इकडं, मी परत करून पैसे आणतो. कळपाला औषधपाणी करायचंच हाय."

लॅपटॉप उचलायला हात पुढं केला त्यांनी.

"हात लावू नका भावजी. फसले तर मी फसले. परत करायचा तर मी करीन."

"आन् न्हाय घेतला परत तर?"

"तर फसलेला लॅपटॉप माझा."

१७ नोव्हेंबर, सोम.

काल दुकान बंद, म्हणून आज गेले. भाकरी बांधून नेली. लवकर काम होणार नाही हे माहीत होतं.

"मावशी, विकलेला माल परत होत नाही. पाटी लावलीय बघा."

"वाचली. वायर काढली की मरतो, हे पाटीवर न्हाय लिहिलेलं."

"जुन्याची बॅटरी अशीच असते. वायर लावून वापरायचा."

"म्हंजे शेळी दूध देती, पण फक्त बाजारात."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एक कॉलेजची पोरगी आणि एक मास्तर वाटले असे गृहस्थ. मास्तर वळून बघायला लागले.

मी स्टुलावर बसले. म्हटलं, राहिलेल्या दोन्हींच्या वायरी काढा. जो टिकेल तो मला द्या.

"तास-दोन तास लागतील मावशी."

"तीन वर्षं बसून आहे मी. तासाचं काय."

काढल्या त्यानं, कटकट करत. पहिल्यावर, त्या झिजलेल्यावर, मी पुस्तक उघडलं. पेनड्राइव्हवर स.नं भरून दिलंय. वाचायला लागले. सवयीनं मोठ्यानंच. चाळीस मिनिटांत हलत्या बटणाचा मेला. दुकानदारानं नुसतं बघितलं. मी भाकरी सोडली, खाल्ली, हात पुसला, पुढं वाचू लागले. झिजलेला चालूच. दीड तास झाला. मी पाणी प्यायला थांबले, तर ती कॉलेजची पोरगी म्हणते, "पुढं काय झालं मग?"

पाणी तसंच ठेवलं. वाचलं पुढं.

दोन तास झाले. दुकानदार म्हणाला, बदलून देतो, पण वर दीड हजार द्यावे लागतील, हा जास्त चांगला पीस आहे.

"परवा तर सारखाच भाव होता."

"परवा परवा होतं मावशी."

तेवढ्यात मास्तर म्हणाले, "अहो, मी ठरवलाय त्याचीपण वायर काढा बरं जरा. मीही बसतो."

पोरगी म्हणाली, "माझीपण."

"घेऊन जा मावशी," दुकानदार हात जोडून म्हणाला. "हाच घेऊन जा. वर काही नको. फक्त जा."

१९ नोव्हेंबर, बुध.

लाइट साडेअकराला गेली, पावणेदोनला आली. वाचत होते. मध्ये मिटावा लागला नाही.

मराठी लिहायला स.नं व्हिडिओ कॉलवर बसवून दिलं, फोनचं नेट लॅपटॉपला जोडायलाही शिकवलं. एक ओळ लिहायला अर्धा तास. वहीच बरी अजून. पण शिकणार.

बटणं पुसलेली आहेत ती रोज बघते. कुणीतरी यावर पुष्कळ काम केलंय. कोण असेल?

दुपारी कमल आली. लाजत. "बाई, त्यात माझं माहेर दिसतं का हो?"

नकाशात शोधलं. मुरुमच्या पलीकडं, लहान वस्ती. वरून दिसणारं छप्पर, विहीर, बांधावरचं झाड. हात न लावता बोटानं दाखवत होती, हा गोठा, हा चुलत्याचा.

"मला सहा दिल्या होत्या आईनं," म्हणाली. "तुमाला एक, मला सहा. लई कौतुक झालं होतं मांडवात."

"आता?"

"ह्यांनी विकल्या. गाडी घेतली तवा. मला इचारलं न्हाय." जरा वेळानं, "एक तांबडी ऱ्हायलीय. तिच्या पोटात दोन हायत, हात लावला की कळतं."

एवढ्या वर्षांत मला माहीत नव्हतं. एकाच अंगणात राहून.

२४ नोव्हेंबर, सोम.

जनावरांच्या दवाखान्यातून निरोप आलाय. सगळ्या शेळ्या-मेंढ्यांची नोंद करायची, कानात बिल्ला बसणार. नोंद असेल त्यालाच लस, औषध, नुकसान झालं तर मदत. आणि माहिती आधी ऑनलाइन भरायची.

संध्याकाळी भावजी आले. चप्पल बाहेर काढून आत बसले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"वहिनी, तेवढं भरून देता का? तिकडं लई रांग हाय."

"देते की."

त्यांनी सांगितलं, मी भरलं. हळू हळू, एकेक बटण शोधत. मालकाचं नाव, गाव, मेंढ्या किती. मेंढ्या सगळ्या त्यांच्या, त्यात वाद नाही. मग शेळ्यांचा खाना.

"सगळ्या माझ्याच नावावर टाका."

खाली एक जागा होती: दुसरा मालक जोडा. मी ती दाबली. नवीन पान उघडलं.

"काय करताव?"

"माझ्या सात माझ्या नावावर टाकते."

"सरकारी कागद हाय त्यो, वहिनी."

"म्हणून तर."

मी लिहीत होते. पार्वती. मग मधल्या खान्यात नवऱ्याचं नाव. ह्यांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही. लिहिलं होतं तेवढं गेल्यानंतरच्या कागदांवर, दाखल्यावर, बँकेत, वारसाला. हा पहिला कागद, ज्यात ह्यांच्या नावापुढं कैलासवासी लावायचं नव्हतं. माझ्या नावातलंच ते, मधलं. चार अक्षरं सापडायला वेळ लागला. मुद्दाम लावला असंही असेल.

"काढा ते," भावजी म्हणाले.

"नाही."

"मग चारणार कोण? मी दुसऱ्याच्या शेळ्या का चारू?"

"पाठी माझ्या, बोकडं चारणाऱ्याची. जुनी बोली आहे. तुमच्या आईनं केलेली."

उठले. चप्पल घालताना म्हणाले, "उद्या दिवसभर इचार करा. नायतर परवा सकाळी दारात आणून बांधतो. चारा मग लॅपटॉपवर."

फॉर्म भरून ठेवलाय. पाठवला नाही. बोट होतं त्या बटणावर. भीती वाटली नाही असं नाही. सात शेळ्या, एक डोळा, गुडघे. कुठं नेणार मी?

स.ला सांगितलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुध.

दार उघडलं तर सात शेळ्या. दावणीला नाही, माझ्या ओसरीच्या खांबाला बांधलेल्या, एकीची दोरी दुसरीत गुंतलेली. बोलल्याप्रमाणे केलं त्यांनी.

आधी गुंता सोडवला. धार काढली. काल संध्याकाळी कुणी काढलीच नव्हती, कास दगडासारखी. मग परसातल्या शेवग्याचा पाला तोडून टाकला. दोन दिवस पुरेल. तिसऱ्या दिवसाचं माहीत नाही. नदीकाठच्या पट्टीत गावातल्या दोन म्हाताऱ्या शेळ्या नेतात. त्यांना विचारणार आहे.

नऊ वाजता फॉर्म उघडला आणि पाठवला. हिरवी खूण आली. नंबर आला, तो वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय.

दहाच्या सुमारास कमल. हातात दोरी, दोरीला तांबडी. पोट एवढं मोठं की पायऱ्यांशी थांबून राहिली. कमलनं ती माझ्या सातांशेजारी बांधली आणि ओसरीवर येऊन बसली.

"बाई, हिला त्यात घालता येतं का?"

"तुझ्या नावावर?"

"मग कुणाच्या?"

"कमल, घरी गेल्यावर काय होईल, विचार केलायस का?"

"केलाय. रातभर तेच केलं. तुमी भरा."

नवीन पान उघडलं. कमल लिहिलं. मधल्या खान्यापाशी थांबले. नवऱ्याचं नाव सांग म्हटलं, तर पदर तोंडात धरून हसायला लागली. "इश्श. मी न्हाय घेणार. तुमाला म्हाईत हाय की." दोघीही हसलो. शेळ्या चमकल्या.

भावजींचं नाव मीच टाकलं. शेळ्या: एक. तिथं कमल म्हणाली, "पोटातल्या धरत न्हाईत व्हय?" नाही धरत म्हटलं, आधी जन्मू देत.

पाठवायचं बटण तिला दाखवलं. तिनं हात लुगड्याला पुसला, दोनदा. बोट पुढं केलं, मागं घेतलं.

हे लिहितेय तेव्हा ती अजून तशीच बसलीय, लॅपटॉप तिच्या मांडीवर. पडदा उजळलेलाच आहे. बाहेर भावजींची गाडी येऊन थांबली. "कमल!" म्हणून हाक आली. परत आली.

ती उठलेली नाही.